कोकणातून कीपर-बॅट्समन घडवायचा तर: टेनिस, सीझन बॉल, ग्लोव्हज आणि पुढचा रस्ता

पुळण

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत डिसेंबर ते मे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना खंड नसतो. वाडीवाडीच्या टीममध्ये एक चपळ कीपर असतोच. सीझन बॉलवर (चामड्याच्या कडक बॉलवर) जिल्ह्याच्या पुढे गेलेले कीपर मात्र बोटांवर मोजण्याइतके. हा धागा त्या मधल्या अंतरासाठी काढलाय. तेरा-चौदा वर्षांचा, टेनिसवर बरं कीपिंग करणारा आणि बॅटही चालवणारा मुलगा असेल तर कोणाच्या निवडीला जायचं, सरावात नेमकं काय बदलायचं, ग्लोव्हज कसे निवडायचे आणि दुखापती कशा सांभाळायच्या, हे जाणकारांनी लिहावं. "मेहनत करा, यश मिळेल" छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

आंबाघाट

आधी हद्दीचा घोळ मिटवू. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे येतात. ठाणे-पालघर मुंबईकडे, म्हणून पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईकडून खेळतो. देवगडच्या मुलाचा मामा दादरला राहतो एवढ्यावर तो मुंबईच्या निवडीला उभा राहू शकत नाही. शाळा आणि राहणं खरोखर हलवावं लागतं. नुसते कागद हलवले आणि पकडला गेला तर बीसीसीआयची दोन वर्षांची बंदी आहे, वयाच्या खोट्या दाखल्यालाही तेवढीच.

शिडी अशी: जिल्हा संघ, असोसिएशनच्या आंतरजिल्हा आणि निमंत्रित स्पर्धा, तिथून राज्याचा संभाव्य संघ. राज्याकडून १६ वर्षांखाली विजय मर्चंट करंडक, १९ खाली विनू मांकड (एकदिवसीय) आणि कूच बिहार (चार दिवसांची), २३ खाली सी. के. नायडू. मग वरिष्ठ गटात रणजी, विजय हजारे (एकदिवसीय), मुश्ताक अली (टी-२०). १६ खालच्या गटात टीडब्ल्यू-३ चाचणी होते. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात. मुलगा अंगानं लवकर भरलेला असेल तर खरा दाखला असूनही इथे अडकू शकतो, हे आईबापांना आधीच माहीत असावं.

आणि गणित लक्षात घ्या. संघात गोलंदाज चार-पाच लागतात, कीपर एकच. जिल्ह्यात आपल्यापेक्षा बरा कीपर असेल तर निव्वळ फलंदाज म्हणून आत शिरता आलं पाहिजे. राखीव कीपर म्हणून बाकावर बसून दोन मोसम गेले की वयोगट संपतो.

दांडीगुल

टेनिसचा कीपर सीझनवर कुठे फसतो ते ठरलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

टेनिस बॉल हातातून उसळून बाहेर जातो, त्यामुळे टेनिसचा कीपर बॉलवर झडप घालतो आणि पंजा आवळतो. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. त्याच्यावर झडप घातली तर तो पंजाच्या कडक भागावर आदळतो आणि सुटतो. तर्जनीच्या मुळाशी काळं-निळं होतं ते यामुळेच. हात बॉलच्या रेषेत आधी न्यायचे, बोटं जमिनीकडे, कोपरं अंगापासून सुटी, आणि बॉल लागताच हात मांडीच्या बाजूनं थोडे मागे सोडायचे. पोटाशी ओढायचे नाहीत. बोटं कधीही समोर बॉलकडे रोखायची नाहीत, बोट मोडण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग.

दुसरी खोड उठण्याची. आपल्याकडे जांभ्याच्या लाल मातीवर नाहीतर थेट कातळावर टेनिस कमरेच्या वर उडतो. त्यामुळे बॉल टप्प्यावर पडायच्या आधीच कीपर उभा राहतो. गहुंजेला (पुण्याजवळचं असोसिएशनचं मैदान) टर्फवर, म्हणजे तयार केलेल्या मातीच्या खेळपट्टीवर, फिरकी गोलंदाजाचा बॉल नडगीइतकाच उठला की तो पायांतून सरळ सीमारेषेवर. निवड समितीसमोर असे दोन बाय गेले की पोरगा गांगरतो आणि मग सोपे कॅचही सांडतो. नियम एकच: बॉल टप्पा घेईपर्यंत ग्लोव्हज जमिनीला टेकलेले. बॉल उठेल तसं आपण उठायचं, आधी नाही. खाली राहिलेल्याला वर येणं जमतं, वर आलेल्याला परत खाली जाणं जमत नाही.

स्टंपजवळ उभं राहताना (उजव्या फलंदाजाला) डावा पाय साधारण मधल्या-ऑफ स्टंपच्या मागे, डोकं ऑफ स्टंपच्या किंचित बाहेर, म्हणजे फलंदाजाच्या अंगामागे बॉल दडत नाही. अंतर इतकं की हात लांबवला तर पाय न हलवता बेल्सपर्यंत पोचेल. लेगसाइडला जाताना डावा पाय सरळ बाजूला टाकायचा, मागे नाही. मागे टाकला की बॉल हातात येतो पण स्टंप हातभर लांब गेलेले असतात. वजन डाव्या पायावर घेऊन बॉल घ्यायचा आणि तेच वजन उजवीकडे आणत बेल्स उडवायच्या. डावखुऱ्याला सगळं उलट.

मध्यमगती गोलंदाजाला मागे उभं राहायचं तर अंतर पहिल्या षटकातच ठरवावं. बॉल वरून उतरायला लागलाय आणि कमरेच्या उंचीवर मिळतोय अशी जागा. मॅटिंगवर (अंथरलेल्या चटईवर) जे अंतर ते टर्फवर चालत नाही, तिथे दोन-तीन पावलं पुढे यावं लागतं. कट लागून (बॅटची कड लागून) बॉल पुढे टप्पा पडत असेल तर स्लिपवाल्यांनाही बरोबर पुढे घ्या. ते काम कीपरचं आहे, कॅप्टनचं नव्हे.

सुरंगी

दांडीगुल, फार उपयोगी. मैदान न मिळणाऱ्या मुलांसाठी खळ्यात, पडवीत करता येईल असा सराव सांगाल का? रोज नेटला जायला कुडाळ-सावंतवाडी सगळ्यांना जमत नाही.

दांडीगुल

@सुरंगीताई, भिंत असली तरी पुष्कळ होतं.

भिंतीपासून चार-पाच मीटरवर बसक्या पवित्र्यात टेनिस बॉल, ग्लोव्हज न घालता. आधी उजव्या हातानं ५०, डाव्यानं ५०, मग दोन्ही हातांनी १००. जमलं की अंतर कमी करायचं. हे आठवड्यातून चार दिवस पुरे.

मग स्टंपिंग. एकच स्टंप रोवा, तीन नकोत, नेम आपोआप सुधारतो. समोर एकानं बॅट घेऊन उभं राहून प्रत्येक बॉलला बॅट फिरवायची पण बॉलला लावायची नाही. दुसऱ्यानं दहा-बारा मीटरवरून अंडरआर्म टप्पे टाकायचे. फलंदाज चुकला की कीपरचे डोळे मिटतात, ही सवय मोडायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. हा सराव सीझन बॉलनं करायचा तर हेल्मेट घालूनच.

कटसाठी उभा चिरलेला अर्धा बांबू, गोल बाजू वर करून, कीपरच्या तीनेक मीटर पुढे आडवा ठेवा आणि टेनिस बॉल जोरात त्याच्यावर मारा. कुठे उडेल सांगता येत नाही, तेच हवंय.

डाइव्ह शिकायला ओहोटीच्या वेळची पुळण उत्तम. ओल्या घट्ट वाळूवर बॉल खालीच राहतो, सुक्या वाळूवर पडलं तर कोपर-खांदा वाचतो. सीझन बॉल मात्र किनाऱ्यावर नेऊ नका, खाऱ्या पाण्यानं चामडं फुगतं आणि शिवण उसवते.

खाडीपलीकडचो

ह्या बरा सांगितलास रे. पण पावसात काय करूक व्हया? जून लागलो की आमच्या मैदानार तळा होता, ता दसऱ्यापर्यंत.

आंबाघाट

पावसाचे चार महिने ताकद, भिंत आणि बॅटिंगसाठी ठेवायचे. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची शेड, काहीही चालेल. सिमेंटवर मॅट अंथरून अर्ध्या खेळपट्टीवरून थ्रो-डाऊन (हातानं फेकलेले बॉल खेळणं). मुंबईत कांगा लीग मुद्दाम पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळायची परंपरा १९४८ पासून आहे, तिथल्या कीपरांना वेडावाकडा बॉल शिकवावा लागत नसे. आपल्याकडे तसा पाऊस नाही, आपल्याकडे बदाबदा पडतो. जुलैत मैदानाचा नाद सोडा.

वाशिष्ठी

ग्लोव्हजबद्दल लिहितो. बहुतेक पालक "वाढत्या अंगाचा आहे" म्हणून एक माप मोठे घेतात. शर्टाला ठीक, ग्लोव्हजला घातक. बोटाचं टोक आणि ग्लोव्हजचं टोक यांत इनर (आतले पातळ हातमोजे) घालून जेमतेम काही मिलिमीटर जागा हवी. जास्त जागा राहिली की बॉल बोटांच्या टोकाशी लागून ग्लोव्हज मागे वाकतो आणि आतलं बोट कशाला तरी आदळतं. दुकानात जाताना इनर बरोबर न्या, नुसत्या हातावर माप घेऊ नका.

इनर दोन जोड्या हव्यातच. आपल्या दमट हवेत एक जोडी तासा-दीड तासात पिळायला येते आणि ओल्या इनरमध्ये हात सरकतो. बदललेला जोड दोरीवर टाकायचा. बोटांच्या टोकांना खेळाआधी चिकटपट्टीचा एक वेढा, सांध्यावर नाही, नाहीतर बोट वाकत नाही. नखं कापलेली.

नवे ग्लोव्हज थेट सामन्यात घालू नयेत. तीन-चारशे बॉल हलक्या हातानं घेऊन पंजा मऊ करावा. तळव्यावरच्या दाणेदार रबराची पकड हाच ग्लोव्हजचा जीव. रबर चकाकायला लागलं, टणक झालं की बॉल घसरतो. मग ग्लोव्हज बाहेरून कितीही नवे दिसोत, बदला. मातीचे कण ओल्या फडक्यानं रोज पुसा. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत, पंख्याखाली. बोळे दोनदा बदला. उन्हात किंवा चुलीवर टांगले की चामडं कडक होऊन चिरतं. आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पंधरा दिवसांत आत हिरवी बुरशी. स्पाइक्सना खाऱ्या हवेनं गंज चढतो, पुसून तेलाचा हात फिरवावा.

पॅड कीपरचेच घ्या, ते आखूड आणि हलके असतात. बॅटिंगचे पॅड घालून वाकलं की गुडघ्यावरचा फ्लॅप हातात येतो आणि बॉल त्याच्यावर आपटून पडतो.

सुरंगी

हेल्मेट किती जरुरीचं? टेनिसवाली मुलं लाजतात घालायला.

वाशिष्ठी

स्टंपजवळ सीझन बॉलला हेल्मेटशिवाय उभं राहायचंच नाही. २००० साली ढाक्याला आशिया कपात कुंबळेच्या बॉलवर सबा करीमच्या डोळ्याला मार लागला आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. २०१२ मध्ये टाँटनला मार्क बाउचरच्या डोळ्याला उडालेली बेल लागली. बॉलसुद्धा नव्हे, बेल. ५५५ कसोटी बळी घेणारा माणूस त्यानंतर खेळला नाही. लाजणाऱ्या मुलांना हे दोन दाखले द्या.

कातळशिल्प

दुखापतींचा भाग मी घेतो.

बोटाच्या टोकावर बॉल लागून शेवटचं पेर खाली लोंबलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर ते "मुरगळलं" म्हणून चोळू नका. पेर सरळ करणारा स्नायुबंध तुटलेला असतो. एक्स-रे काढून स्प्लिंट लावतात आणि ते पेर सहा ते आठ आठवडे सलग सरळ ठेवावं लागतं. आंघोळीला म्हणून काढून एकदा जरी वाकवलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. गावाकडे हाडवैद्याकडे ओढून घेतात आणि बोट कायमचं वाकडं राहतं. जुन्या कीपरांची बोटं बघा.

अंगठा मागे वाकून मुळाशी सुजला, चिमूट धरता येत नसेल तरीही डॉक्टर गाठा.

गुडघा: कसोटीचा पूर्ण दिवस म्हणजे ९० षटकं, ५४० बैठका, नो-बॉल आणि वाइड वेगळे. तेरा-चौदाच्या मुलाचं हाड वाढत असतं. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखायला लागलं (ऑसगुड-श्लॅटर) तर बैठका, उड्या कमी करायच्या. खेळ कायमचा बंद करावा लागत नाही, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. पण दुखऱ्या गुडघ्यावर सलग तीन दिवस टेनिसच्या स्पर्धा खेळवणारे आयोजक आणि पालक दोघेही दोषी. बैठक पूर्ण खाली फक्त गोलंदाज धावायला लागल्यावर घ्यायची, तो चालत परत जाताना उभं राहायचं. एवढ्यानंही मांड्या वाचतात.

खाडीपलीकडचो

आमच्यात एक वाद हा. बॉल येवच्या आधी ग्लोव्हजची बोटां स्टंपच्या फुडे गेली तर काय? आमचो अंपायर म्हणता काय नाय, बॉल मागेच घेतलान ना.

दांडीगुल

तुमचा अंपायर चुकतोय. बॉल फलंदाजाच्या बॅटला किंवा अंगाला लागेपर्यंत, किंवा स्टंप ओलांडेपर्यंत, किंवा फलंदाज धाव घ्यायला निघेपर्यंत कीपर पूर्णपणे स्टंपच्या मागे हवा. ग्लोव्हजचं टोकही पुढे चालत नाही. नाहीतर नो-बॉल, आणि नो-बॉलवर स्टंपिंग नाही. आयपीएल २०२५ मध्ये हैदराबादच्या क्लासेनचे ग्लोव्हज असेच पुढे आले आणि कव्हरला कॅच गेलेला मुंबईचा रिकल्टन परत खेळायला आला.

बाकी दोन-तीन: वाइडवर स्टंपिंग होतं. न घातलेलं हेल्मेट ठेवायचं तर कीपरच्या मागे, त्याच रेषेत, आणि बॉल त्याला लागला तर फलंदाजाच्या बाजूला पाच धावा. ग्लोव्हजमध्ये अंगठा-तर्जनी सोडून इतर बोटांत जाळी नको. २०१७ पासून अंपायरच्या परवानगीनं बदली खेळाडू कीपिंग करू शकतो. २०२५ मध्ये मँचेस्टरला पंतचा पाय मोडल्यावर जुरेलनं कीपिंग केलं ते याच नियमानं.

पुळण

आता बॅटिंगकडे या. सगळी निवड तिथेच होते असं ऐकून आहे.

आंबाघाट

बऱ्याच अंशी खरं. पूर्वी असं नव्हतं. नरेन ताम्हाणे २१ कसोटी ग्लोव्हजच्या जोरावर खेळले. किरण मोरेनं १९८८ मध्ये मद्रासला मुख्यतः हिरवाणीच्या फिरकीवर एका डावात पाच आणि सामन्यात सहा स्टंपिंग केले, तो विक्रम आहे. किरमाणींचे ८८ कसोटीत १९८ बळी, पण लोकांना आठवतात ते १९८३ मध्ये टनब्रिज वेल्सला कपिलच्या १७५ सोबतचे नाबाद २४. गिलख्रिस्ट (१७ कसोटी शतकं) आणि धोनीनंतर मोजमाप पालटलं. आता सातव्या क्रमांकावर धावा न करणारा कीपर राज्य संघातसुद्धा टिकत नाही.

पण माझं मत जरा वेगळं आहे. धावांमुळे निवड होते, आणि जागा जाते ती ग्लोव्हजमुळे. फलंदाजाचं अपयश चार डाव खपवतात. कीपरनं मुख्य फिरकीवाल्याच्या बॉलवर दोन स्टंपिंग घालवले की तो गोलंदाजच कॅप्टनच्या कानाशी लागतो.

बॅटिंगचा सराव जागेप्रमाणे हवा. टेनिसवर पोरं सलामीला जाऊन पहिल्या बॉलपासून उचलतात. जिल्ह्यात कीपरला सहा-सात नंबर मिळतो. तिथे जुना बॉल, समोर फिरकी, पलीकडे शेपूट. म्हणजे स्वीप, एकेरी धाव फिरवणं, षटकाच्या पाचव्या-सहाव्या बॉलला एक घेऊन स्ट्राइक ठेवणं. दिवसभर कीपिंग करून सलामीला येणं हे वेगळंच प्रकरण. मोंगियानं १९९६ मध्ये दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तसं येऊन १५२ काढल्या, पण तो अपवाद. संगकारासारख्याची कसोटी सरासरी कीपिंग करताना ४० च्या आसपास आणि ग्लोव्हज उतरवल्यावर ६६ च्या वर. थकवा आकड्यांत दिसतो तो असा.

सुरंगी

आपल्या भागातून कुणी गेलंय का हो खरंच? की सगळं मुंबई-पुण्याचंच?

आंबाघाट

गेलाय की. निखिल नाईक, सावंतवाडीचा. महाराष्ट्राचा कीपर-बॅट्समन. २०१६ ला पंजाब, नंतर कोलकात्याच्या संघातून आयपीएल. २०१९ च्या मुश्ताक अलीत रेल्वेविरुद्ध नाबाद ९५ आणि महाराष्ट्र अंतिम सामन्यात, तिथे कर्नाटककडून हरले. त्याची कारकीर्द मुलांना नीट दाखवा, कारण ती खरी आहे: आयपीएलमध्ये नाव असूनही बहुतेक सामने बाकावर, जागा एक आणि दावेदार तीन. कीपरचं आयुष्य असंच असतं. नमन ओझानं मध्य प्रदेशासाठी वर्षानुवर्षं रणजी गाजवली, कसोटी मिळाली एक, २०१५ ला. पार्थिव पटेल १७ व्या वर्षी कसोटी खेळला आणि मग २००८ ते २०१६ आठ वर्षं वाट बघत बसला. समोर धोनी होता, काय करणार!

शिकवणारी परंपराही आपलीच समजा. आचरेकर सरांचा जन्म मालवणचा, आणि चंद्रकांत पंडित, समीर दिघे हे दोन्ही कसोटी कीपर त्यांच्या हाताखालचे.

कातळशिल्प

पैशाचं पण लिहा कुणीतरी. घरचे तेच विचारतात.

वाशिष्ठी

२०२१ ला बीसीसीआयनं वाढवलेले दर: रणजी, हजारे यांत अंतिम अकरात असाल तर २० सामन्यांपर्यंत दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामने झालेल्यांना ५० हजार, त्यापुढे ६० हजार. राखीवांना निम्मे. मुश्ताक अलीत सामन्याला साडेसतरा हजार. २३ खाली दिवसाला २५ हजार, १९ खाली २० हजार. चार दिवसांचे सात रणजी सामने पूर्ण खेळला तर नवख्याचे सव्वाअकरा लाखांच्या आसपास (४ × ७ × ४० हजार). पण अकरात असेल तर, आणि कीपर एकच. आयपीएल २०२५ च्या लिलावात सगळ्यात कमी मूळ किंमत ३० लाख होती. पंत २७ कोटींना गेला ते बघून पोराला नेटला घालू नका.

मधली पायरी म्हणजे २०२३ पासूनची महाराष्ट्र प्रीमियर लीग. पहिली दोन्ही विजेतेपदं रत्नागिरी जेट्सनं घेतली, २०२५ पासून रायगडच्या नावाचाही संघ आहे. नावं आपल्या जिल्ह्यांची, खेळाडू राज्यभरातले, सामने गहुंजेला. तरी आयपीएलवाल्यांची नजर तिथे असते, म्हणून कीपर-बॅट्समनसाठी ती महत्त्वाची. नोकरी हवी तर रेल्वेचा स्वतःचा रणजी संघ आहे, खेळाडू कोट्यातून भरती होते. दहावी-बारावी सोडू नये, एवढं त्यासाठी तरी.

पुळण

शेवटचा प्रश्न. ट्रायलला जाताना काय काळजी?

आंबाघाट

जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, मूळ आणि दोन-दोन प्रती. आदल्या दिवशीच पुण्यात पोचा. रात्रभर एसटीनं आंबा किंवा कुंभार्ली घाटाची वळणं खाऊन सकाळी सातला मैदानात उतरलेला मुलगा पहिल्या तासात हमखास बॉल सोडतो. फॉर्मवर "कीपर-बॅट्समन" असं स्पष्ट लिहा, नुसतं "बॅट्समन" लिहिलं तर ग्लोव्हज घालायची पाळी येईलच असं नाही. नेटमागे उभं केलं तर फिरकीच्या नेटला मागा, वेगवान नेटमागे कीपरचं काही दिसत नाही.

दांडीगुल

आणि टर्फवर आधी एकदा तरी खेळून जा. मॅटिंगचे रबरी तळ्याचे बूट घालून टर्फवर गेलेला कीपर लेगसाइडला पहिल्याच पावलाला घसरतो. स्पाइक्स हवेत, आणि तेही चार-पाच सराव झालेले, कोरे करकरीत नकोत.

खाडीपलीकडचो

अंपायराक नियम वाचून दाखवलंय. म्हणता पुढच्या वर्षी बघूया.